दुधाचे खाडे

आई मेथी निवडत होती, मी समोर फाइल पसरून बसले होते आणि सहज विचारलं, काय गं, गेल्या दोन वर्षांत मी साधारण किती महिने आजारी होते असं लिहू? तिने वर न बघता म्हटलं, "थांब, कॅलेंडर काढते." मला वाटलं सणावारांवरून आठवून सांगेल, म्हणजे गौरी बसल्या तेव्हा तू झोपून होतीस, संक्रांतीला बरी होतीस, आमच्याकडे तारखा अशाच लक्षात राहतात. पण ती उठली, हात गाउनला पुसले आणि फ्रीज आणि भिंतीच्या मधल्या फटीतून रबरबँड लावलेली सुरळी काढली, जुनी कालनिर्णयं. पानं उलगडली की परत गुंडाळली जात होती म्हणून एका बाजूला पोळपाट ठेवला आणि दुसऱ्या बाजूला मिठाची बरणी. दूध आलं नाही त्या तारखेवर काट, कामवाली आली नाही तिथे 'खा', सिलेंडर लावला त्या दिवशी 'सि', इस्त्रीवाल्याकडे किती कपडे गेले ते आकडे, सगळं ओळखीचं, लहानपणापासून बघतेय. आणि चौकटींच्या कोपऱ्यात पेन्सिलीचे बारीक ठिपके. मी म्हटलं हे काय? ती म्हणाली, "तू उठली नाहीस ते दिवस." दोन ठिपके म्हणजे जेवलीही नाहीस. आणि मधेच कुठेतरी छोटी फुली, ती रात्रभर जागी होतीस त्याची.

माझ्या अंदाजाने सगळं मिळून सहाएक महिने, फार फार तर सात. ठिपके मोजत गेलो तर त्याच्या दुपटीच्याही वर.

पहिल्यांदा आला तो राग. म्हणजे मी आपली समजत होते की बऱ्यापैकी चाललंय आपलं, आणि ही बाई रोज रात्री झोपण्याआधी दुधाच्या हिशेबाबरोबर माझाही हिशेब लिहून ठेवत होती, दुधाचा खाडा, बाईचा खाडा, मुलीचा खाडा. मी जरा तुटकच विचारलं, कधीपासून लिहितेस हे? तर म्हणाली, "डॉक्टर विचारायचे ना झोप कशी आहे, जेवण कसं आहे, तुला आठवायचं नाही आणि मी अंदाजे सांगितलं आणि त्यावर त्यांनी गोळी वाढवली तर? म्हणून लिहायला लागले." यावर काय बोलणार. मेथीच्या काड्या गोळा करून मी उठले, पण ते ठिपके नंतर कितीतरी दिवस डोळ्यांपुढून जाईनात, आणि कशाचा त्रास होतोय तेही नीट कळेना. तिने लिहिलं याचा, की माझ्यापेक्षा तिचं बरोबर निघालं याचा.

हा सगळा खटाटोप दिव्यांग सर्टिफिकेटसाठी. बायपोलर आहे मला, म्हणजे मन कधी उधाणतं, कधी पार खचतं, वीस वर्षं होत आली, आणि सर्टिफिकेट काढायचं हे इतकी वर्षं कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं. बाबा इरिगेशनमध्ये होते, मंगळवार पेठेत सिंचन भवनला शेवटची पोस्टिंग, ते गेल्यावर आईला फॅमिली पेन्शन चालू झाली आणि घर त्यावर चालतं. मग बाबांचे एक जुने सहकारी घरी आले होते, चहा पिता पिता म्हणाले, वहिनी, मुलीला मानसिक अपंगत्व असेल आणि ती स्वतःचं पोट भरू शकत नसेल तर ही पेन्शन तुमच्यानंतर तिला आयुष्यभर मिळू शकते, पण कागद तुम्ही आहात तोवर करून ठेवा, नंतर फार धावपळ होते. तुमच्यानंतर, हे ते इतकं सहज बोलून गेले की आईने पण तितक्याच सहज बिस्किटांची प्लेट पुढे केली. संजय गांधी निराधार योजना आम्ही आधी बघितली होती, १५०० चे आता दिव्यांगांना २५०० केलेत, पण उत्पन्नाच्या अटीत आम्ही बसत नाही. म्हणजे उरलं हेच. आणि हे करायचं म्हणजे आई नसतानाच्या दिवसाची तयारी आईबरोबर बसून करायची, तिच्याच हातचा चहा पीत.

बरं, आमच्या घराला असल्या कागदांची सवय नाही, सवय लपवायची. माझा आजार बाहेर 'थायरॉईड' होता. लग्नाला का आली नाही, थायरॉईड. वजन का वाढलं, थायरॉईड. नोकरी का सोडली, अहो तिचं ते थायरॉईडचं. गंमत म्हणजे बायपोलरसाठीच्या लिथियमच्या गोळ्यांमुळे पुढे मला खरंच थायरॉईडचा त्रास झाला, तेव्हा आईच्या चेहऱ्यावर जवळजवळ समाधान होतं, चला, निदान खोटं तरी नाही बोललो. पुण्यात वाढलेल्यांना वेगळं सांगायला नको, 'येरवड्याला पाठवू', म्हणजे नदीपलीकडच्या मेंटल हॉस्पिटलात, हे वाक्य आम्ही शाळेत एकमेकांना किती सहज म्हणायचो, अभ्यास केला नाही तरी येरवडा, जास्त हसलं तरी येरवडा. पहिल्यांदा ॲडमिट झाले ते येरवड्याला नव्हे, डेक्कनजवळच्या एका खाजगी दवाखान्यात, तरी शुद्धीवर आल्यावर मी बाबांना पहिलं काय विचारलं असेल तर ते हे, की आपण नदीच्या कुठल्या बाजूला आहोत. बाबा म्हणाले, अलीकडे. त्यांना प्रश्न लगेच कळला.

तर फॉर्म. यूडीआयडीचा, म्हणजे दिव्यांगांच्या सर्टिफिकेट आणि ओळखपत्राचा अर्ज ऑनलाइन भरायचा असतो स्वावलंबन पोर्टलवर, घरीही भरता आला असता, पण फोटो आणि सही अपलोड होईना म्हणून कोपऱ्यावरच्या ई-सेवा केंद्रात गेले. तिथला मुलगा भराभर टाइप करत होता, आधार, पत्ता, आणि मग अपंगत्वाचा प्रकार आला तशी त्याने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. २०१६ च्या कायद्यात एकवीस प्रकार आहेत, तो यादी खाली सरकवत राहिला, अस्थिव्यंग का? नाही. कानाचं? नाही. मी म्हटलं मानसिक आजार. मागे रांगेत दोनतीन माणसं. त्याने स्क्रीनकडे तोंड करून मोठ्यांदा विचारलं, "तुमच्या स्वतःसाठीच आहे ना हा फॉर्म?" मी हो म्हटलं आणि तितक्याच मोठ्यांदा म्हटलं, आणि बाहेर येऊन उसाचा रस प्यायले तेव्हा ग्लास हातात थडथडत होता. अर्थात माझे हात तसेही थरथरतात, लिथियमचा तो प्रसाद आहे, माझी सही बँकेत नेहमी परत करायला लावतात.

मग फाइल. अप्पा बळवंत चौकातून जाड प्लास्टिकचं फोल्डर आणलं आणि कागद तारखेप्रमाणे लावायला घेतले, कारण मी मूळची अकाउंट्सवाली, तेवढं येतं. डिस्चार्ज कार्ड, प्रिस्क्रिप्शनं, लिथियमचे रक्ताचे रिपोर्ट. ते रक्त रात्रीच्या गोळीनंतर बारा तासांनी द्यायचं असतं, म्हणजे सकाळी लॅबच्या बाकावर बसून घड्याळ बघत थांबायचं, अशा सगळ्या सकाळी त्या फोल्डरमध्ये एकावर एक. एक प्रिस्क्रिप्शन वाचून मी थबकले. मागे डॉक्टरांच्या अक्षरात लिहिलेलं, 'आईला सांगितले, दागिने व कार्ड स्वतःकडे ठेवणे.' तो मार्च महिना होता. मी नारायण पेठेत एका सीएंकडे कामाला होते आणि मार्च एंडला सीएच्या ऑफिसात माणूस मॅनिक झालाय, म्हणजे आजाराच्या उधाणात आहे, हे कुणाच्या लक्षात येणं शक्यच नसतं, सगळेच रात्री दोनपर्यंत जागे, सगळेच भराभरा बोलणारे, सगळ्यांचेच डोळे लाल. सर उलट खूश होते माझ्यावर. एप्रिल उजाडला, बाकीचे झोपले, मी नाही झोपले. पहाटे तीनला क्लायंट लोकांना मेल पाठवले की तुमचा सगळा धंदा मी नव्याने मांडून देते, आणि लक्ष्मी रोडवरच्या एकाच दुकानातून एकाच मोरपिशी रंगाच्या साड्या आणल्या, ढीगभर, प्रत्येक साडी वेगळी दिसत होती मला, त्या रंगाच्या आत रंग दिसत होते. त्यातल्या दोन आई अजून नेसते. रंग खरंच सुंदर आहे, तेवढं मात्र म्हणेन.

सरकारी तपासणीत या असल्या गोष्टी फारशा कामाला येत नाहीत. मला वाटायचं ॲडमिशनं किती, गोळ्या किती, यावर अपंगत्वाचे टक्के ठरत असतील. तसं नसतं. मानसिक आजारासाठी आयडियाज नावाची मोजपट्टी वापरतात, इंडियन सायकियाट्रिक सोसायटीच्या समितीने केलेली, आणि ती विचारते अगदी घरगुती चार गोष्टी. स्वतःचं स्वतः आवरता का, लोकांशी संबंध कसे आहेत, बोललेलं समजतं का आणि बोलता येतं का, आणि काम. प्रत्येकाला शून्य ते चार. पाचवा आकडा आजार किती काळ होता त्याचा, गेल्या दोन वर्षांत सहा महिन्यांच्या आत असेल तर एक, दीड वर्षाच्या वर असेल तर चार. एकूण वीस. सातपासून पुढे चाळीस टक्के धरतात आणि चाळीसच्या खाली असाल तर सर्टिफिकेट असून बहुतेक ठिकाणी त्याचा उपयोग नाही. हे कळल्यावर मी काय करणार, कागद घेऊन स्वतःचा स्कोअर काढायला बसले. सगळ्यांत बारीक पेनने. आणि माझा आला पाच. परत काढला तरी पाच. आवरते का, हो, शून्य. बोललेलं कळतं का, अर्थात, शून्य. मी स्वतःवरच खूश झाले आणि दुसऱ्या मिनिटाला पोटात गोळा आला की पाचाला काहीच मिळत नाही.

धायरीला स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनच्या ग्रुपबद्दल आईला कुणीतरी सांगितलं होतं, तिथे ती गेली होती, आणि तिथल्या एका काकांनी, त्यांचा मुलगा आजारी आहे, तिला नीट समजावलं. म्हणाले, पेशंट आवरतो का एवढंच सांगू नका, तो आपणहून आवरतो का ते सांगा. तुम्ही घरात आठ दिवस नसाल तर काय होईल ते सांगा. आईने घरी येऊन हे मला सांगितलं आणि मग आम्ही डायनिंग टेबलावर तालीम केली, म्हणजे मी डॉक्टर आणि ती ती. मी विचारलं, मुलगी रोज आंघोळ करते का? आई म्हणाली, करते की! मी म्हटलं, आई. ती म्हणाली, "अगं करतेस ना पण!" इतक्या वर्षांची सवय, तोंड उघडलं की झाकायलाच उघडतं. परत विचारलं, परत तेच, वर "आमच्या घरात आंघोळीशिवाय स्वयंपाकघरात कुणी पाऊल ठेवत नाही" हेही. मी चिडले, ती रडकुंडीला आली, म्हणाली परक्या माणसासमोर मी माझ्या मुलीला घाणेरडी म्हणू का.

आणि फ्रीजमागे तिच्याच हातचे ठिपके.

त्या रात्री मी शांतपणे एकटीने विचार केला की माझी आंघोळ होते कशी. सकाळी साडेआठला गीझर लागल्याचा टक् आवाज येतो. मग दाराशी टॉवेल. मग दहा मिनिटांनी, "मनू, पाणी तापलंय." मग पंधरा मिनिटांनी परत. मग कधी कधी ती येऊन नुसती पलंगाच्या कडेला बसते, पेपर वाचत, काही बोलत नाही, आणि मी तिच्यावर वैतागून उठते. बरे दिवस असतात तेव्हा यातलं काहीच लागत नाही, टक् आवाजाच्या आधीच मी न्हाऊन बाहेर, आणि माझ्या डोक्यात तेच दिवस 'नेहमीचे' म्हणून बसलेत. वाईट दिवसांत उठते तेही माझ्या खात्यावर, मी उठले, मी आवरलं. तिचं बसणं मी कुठल्याच रकान्यात धरलं नव्हतं. माझा पाच कुठून आला ते तेव्हा कळलं, अर्धे मार्क तिचे होते आणि मी ते माझ्या नावावर जमा केले होते. इतकी वर्षं खतावण्या लिहिल्या आणि ही साधी नोंद चुकीच्या खात्याला.

तपासणीच्या दिवशीचं फार सांगण्यासारखं नाही. सरकारी दवाखाना, सकाळी आठपासून रांग, फिनेलचा वास, पंखा होता पण रांग जिथे होती तिथे नव्हता. आदल्या रात्री आमचं कपड्यांवरून झालंच, आईला इस्त्रीचा ड्रेस हवा होता, मला वाटत होतं इतकं टापटीप जाऊ नये, आणि मग वाटलं मुद्दाम गबाळं जाणं म्हणजे सोंगच झालं की. साधा, धुतलेला, बिनइस्त्रीचा घालून गेले, दोघीही नाराज. रांगेत बाजूला कुबड्या घेतलेल्या एक ताई होत्या, हडपसरहून आलेल्या, त्यांनी मला विचारलं, पेशंट कोण, आई का? मी म्हटलं मीच. "बघून काहीच वाटत नाही हो तुमच्याकडे," अगदी चांगल्या मनाने म्हणाल्या त्या. पण २०२४ च्या जुलैत ते पुण्यातल्या प्रशिक्षणार्थी अधिकारी बाईंचं प्रकरण पेपरात महिनाभर गाजलं होतं ना, दिव्यांग सर्टिफिकेटं खोटी असल्याच्या आरोपाचं, त्यात मानसिक आजाराचंही नाव होतं, तेव्हापासून हे वाक्य कुणीही म्हटलं तरी मला त्याला दुसरी कड दिसते. कुबड्यांकडे बघून मला खरोखर वाटलं की उठून घरी जावं, इथली जागा आपली नाही.

आत एक तरुण डॉक्टर होती, थकलेली, पण चिडकी नव्हती. फाइल भराभर चाळली. मला विचारलं ते मी नीट सांगितलं, फारच नीट, मुलाखतीला आल्यासारखं, ते माझं मलाच ऐकू येत होतं. मग ती आईकडे वळली. आईने पिशवीतून सुरळी काढली. मी घरी बजावलं होतं की कॅलेंडर आणू नकोस, हसतील. डॉक्टर हसली नाही, पण उघडूही दिलं नाही, म्हणाली, "आजी, कागद राहू द्या, तुम्ही तोंडाने सांगा. आंघोळीला हिला सांगावं लागतं का?" आईने एकदा माझ्याकडे बघितलं. आणि मग सांगितलं. गीझर, टॉवेल, पलंगाची कड. एकदा गावाला गेली होती तेव्हा परत येऊन बघितलं तर फ्रीजमधलं सगळं जसंच्या तसं आणि मी त्याच कपड्यांत. दिवाळीला भाऊ आला की मी खोलीतून बाहेर येत नाही ते. फोन वाजला की उशीखाली ठेवते ते. तिला हे एवढं बोलता येतं हे मला माहीत नव्हतं. मी समोरच्या भिंतीवरचं लसीकरणाचं पोस्टर वाचत होते, सगळं, खालच्या प्रेसच्या नावापर्यंत. लाज वाटत होती आणि त्याच वेळी कुणीतरी खांद्यावरून जड पिशवी काढून घेतल्यासारखंही वाटत होतं, आणि या दोन्हीत आईचा इतका राग येत होता की बाहेर आल्यावर रिक्षात मी खिडकीकडे तोंड करून बसले. तिनेही काही विचारलं नाही, कर्वे रोडला मेट्रोखालच्या ट्रॅफिकमध्ये फक्त एवढंच म्हणाली, "जास्त बोलले का गं मी?"

सर्टिफिकेट आलं. चाळीसच्या वर, तात्पुरतं, पाच वर्षांसाठी, मग परत तपासणी. कार्डावर पिवळा रंग. मोबाइलवर आकडा बघितला तेव्हा अगदी क्षणभर वाटलं की अडतीस आले असते तर बरं झालं असतं. मग आईला दाखवला, तिने चष्मा लावला, वाचला आणि म्हणाली, पाच वर्षं म्हणजे मी किती होईन तेव्हा, ब्याऐंशी. तिला दरवर्षी नोव्हेंबरात बँकेत जाऊन हयातीच्या यादीवर सही करावी लागते, मीच घेऊन जाते, तिथे खुर्च्यांवर सगळे म्हातारे आपण जिवंत आहोत हे सांगायला ओळीने बसलेले असतात. म्हणाली, "तुझं बरंय, तुला पाच वर्षांनी विचारणार. मला दरवर्षी विचारतात." आणि स्वतःच इतकी हसली की तिला ठसका लागला.

आता पेन्शनच्या ऑफिसचा अर्ज बाकी आहे. बाबांच्या पीपीओची, म्हणजे पेन्शनच्या आदेशाची, प्रत सापडली, कुटुंबाच्या यादीत माझं नाव आहे, जन्मतारीख बरोबर आहे. अडलंय ते एका रकान्यात, अर्जदाराचे स्वतःचे उत्पन्न. मी आमच्या सोसायटीचे हिशेब लिहिते, चांगल्या महिन्यांत, त्याचे महिना दोन हजार देतात, वाईट महिन्यांत सेक्रेटरी काका वही तशीच ठेवतात आणि काही बोलत नाहीत. आईचं म्हणणं, तो पॉकेटमनी आहे, तो कशाला लिहायचा, त्यावरून त्यांनी नाही म्हटलं तर? मी म्हटलं लिहायचा. दोन हजारात कुणाचं पोट भरत नाही हे तेही समजतील, आणि नाही समजले तर मी समजावीन, पण माझ्या हातच्या कागदात जमेची बाजू कमी दाखवलेली मला चालणार नाही. ती म्हणते आयुष्यभर आजारपणात हट्ट केलास, आता बरी असतानाही कर. कालपासून यावरून धुसफूस चालू आहे, फॉर्म टेबलावरच आहे, आणि पेन मी माझ्याकडे ठेवलंय.